उलटा काटा

स्विस चाकूच्या काही मोठ्या मॉडेलांमध्ये एक विचित्र पातं असतं. त्याला धार नसते. एका अंगाला खडबडीत खाचा, दुसरीकडे सेंटिमीटर आणि इंचांच्या खुणा, आणि टोक सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं. तो चाकू वर्षानुवर्षं बाळगणाऱ्यांनाही हे पातं कशाचं, ते बऱ्याचदा सांगता येत नाही. कुणी त्याला कानस समजतं, कुणी करवत, कुणी नुसतीच पट्टी. माझा एक मित्र दोन वर्षं त्याने बाटल्यांवरची लेबलं खरवडत होता.

हे मासेमारीचं पातं आहे. खाचांनी माशाचे खवले काढायचे, खुणांनी मासा मोजायचा आणि दुभंगलेल्या टोकाने माशाच्या तोंडात रुतलेला गळ मागे ढकलून सोडवायचा. तीन कामं, एका पात्यात.

सुट्टीच्या दिवशी पाण्यात गळ टाकून बसणाऱ्यांपैकी मी आहे. कधी धरणाच्या जलाशयावर, कधी आजोळी खाडीच्या कडेला. आजोळी त्याला ‘गरवायला जाणं’ म्हणतात. त्यामुळे नव्याने हा नाद लागलेली मंडळी मला शॉपिंग अ‍ॅपचे स्क्रीनशॉट पाठवत असतात. ‘हा 14-इन-1 घेऊ की 21-इन-1?’ खिशात मावेल असं, चाकू-कात्री-पक्कड एकत्र असलेलं एखादं मल्टिटूल त्यांना हवं असतं. मी उलट विचारतो, ‘पकडलेल्या माशाचं काय करणार आहेस? खाणार की सोडणार?’

समोरच्याला वाटतं, मी विषय बदलतोय. पण या खिशातल्या हत्यारांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की निवड इथेच ठरते. या हत्यारांची दोन घराणी आहेत. एक बराकीत जन्मलं, दुसरं हॉटेलातल्या गळक्या नळापाशी. माशाशी कसं वागायचं, याबद्दल दोघांचं मत वेगळं आहे. आणि भांडणाच्या मुळाशी आहे गळाच्या टोकाजवळचा एक बारीकसा उलटा काटा.

काटा उलटा झाला

जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाची गुहा आहे. तिथे समुद्री गोगलगायीच्या कवचापासून घडवलेले गळ सापडले. वय सुमारे 23,000 वर्षं. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या गळांमध्ये त्यांची गणना होते. चंद्रकोरीसारखा साधा बाक, टोकदार शेवट, बस्स. मासा लागला की दोरी सतत ताणून धरायची. जरा सैल पडली की मासा पसार.

पुढे धातू आला. मोहेंजोदडो आणि लोथलच्या उत्खननांत तांब्याचे गळ मिळाले आणि त्यांतल्या काहींना टोकाच्या आत एक उलटा काटा आहे. आज कोपऱ्यावरच्या फिशिंगच्या दुकानात मिळणाऱ्या गळाला असतो तसाच. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा तो कारागीर आज हे दुकान पाहायला आला, तर रीळ आणि रॉड बघून चक्रावेल. गळ मात्र लगेच ओळखेल.

उलट्या काट्याचं काम सोपं आहे. आत जाताना तो वाट अडवत नाही, बाहेर येताना मांस धरून ठेवतो. दोरी ढिली पडली तरी मासा सुटत नाही. म्हणून तो जगभर पसरला. पण त्याच दिवशी एक नवीन प्रश्नही जन्माला आला. आत गेलेला गळ बाहेर कसा काढायचा? मासा मेला असेल तर प्रश्न किरकोळ आहे, तोंड कापलं की झालं. मासा जिवंत ठेवायचा असेल, किंवा गळ स्वतःच्याच बोटात गेला असेल, तर मात्र हाताशी हत्यार लागतं.

एकात अनेक

एका वस्तूत अनेक कामं बसवायचा सोस माणसाला पूर्वीपासून आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये इसवी सन 201 ते 300 या काळातलं एक रोमन हत्यार आहे. चांदीचं, घडी घालता येणारं. त्यात चमचा, काटा, सुरी, सुळा आणि दात कोरायला कोरणी. एखाद्या खाऊनपिऊन सुखी रोमन प्रवाशाचं असावं.

आपल्याकडे वेगळं काय होतं? विळी-खवणी आठवून बघा. एकाच पाटावर उभं पातं, त्याच्या टोकाला दातेरी चकती. पात्यावर भाजी आणि मासे चिरायचे, चकतीवर नारळ खवायचा. कोकणातल्या स्वयंपाकघरातलं हे मल्टिटूलच. फरक एवढाच, की ते खिशात मावत नाही आणि त्याला कुणी पेटंट घेतलं नाही. पुरुषमंडळींच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. नारळ सोलायला, काटक्या तोडायला, वाटेतली झुडपं छाटायला आणि वेळ पडली तर मासा कापायलाही तोच. तिथे विचार उलटा होता. हत्यार एकच, कामं हवी तितकी. कौशल्य हातात.

युरोपात औद्योगिक क्रांतीनंतर या सोसाला कारखान्याचं बळ मिळालं. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे चाकू-सुऱ्यांचं शहर. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीने 1822 साली एक चाकू बनवला, त्याला पाती 1822. वर्षाचा आकडा तेवढीच पाती. तो एखाद्या साळिंदरासारखा दिसतो. त्याने सफरचंदसुद्धा कापता येणार नाही. कारागिरी दाखवण्यासाठीच तो बनवला होता, त्यामुळे तक्रार नाही. पण ‘21-इन-1’ अशी जाहिरात दिसली की मला तो साळिंदर आठवतो. आकडा मोजणं आणि उपयोग मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेफिल्डने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय.

डबा उघडायचा, रायफल खोलायची

पहिल्या घराण्याचा मूळ पुरुष कार्ल एल्सनर. 1884 साली त्याने स्वित्झर्लंडच्या श्वित्स प्रांतात इबाख नावाच्या गावी चाकू-सुऱ्यांची कार्यशाळा सुरू केली. त्याच सुमारास स्विस सैन्यात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. एक, डबाबंद अन्न. दुसरी, 1889 ची श्मिट-रुबिन रायफल. ती साफ करण्यासाठी खोलायची तर पेचकस हवा. सैनिकाने डबा फोडायला एक, रायफलीला दुसरं आणि पाव कापायला तिसरं हत्यार बाळगायचं का? सैन्याने ठरवलं, सगळं एकात हवं. पातं, डबा उघडायचा आकडा, पेचकस आणि चामड्याला भोक पाडायला आरी. लाकडी मूठ.

पंचाईत अशी, की इतके चाकू एकदम बनवण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये कुणाचीच नव्हती. पहिली 15,000 ची ऑर्डर जर्मनीतल्या झोलिंगेनला गेली. स्वतःच्या सैन्याचा चाकू परदेशातून येतोय, हे एल्सनरला लागलं. त्याने स्विस कारागिरांची संघटना उभी केली आणि 1891 मध्ये इबाखमधून सैन्याला पहिले चाकू पोचवले. पण झोलिंगेनचे कारखाने यंत्रावर स्वस्तात माल काढत होते. बाकीचे कारागीर एकेक करून गळाले. एल्सनर कर्जात बुडाला, दिवाळखोरीच्या काठावर गेला; नातेवाइकांनी हात दिला म्हणून वाचला.

त्याला तारलं ते सैनिकांच्या चाकूपेक्षा हलक्या आणि देखण्या अशा दुसऱ्या चाकूने. हा ‘ऑफिसर आणि स्पोर्ट्स’ चाकू त्याने 1897 मध्ये नोंदवला. त्यातली युक्ती सुंदर आहे. घडीच्या चाकूत प्रत्येक पात्यामागे एक स्प्रिंग लागते, ती पात्याला उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते. एल्सनरने एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची पाती चालवली. जागा वाचली आणि त्यात एक छोटं पातं आणि बुचं काढायचा कॉर्कस्क्रू मावला. सैन्याने हा चाकू अधिकृतपणे कधीच दिला नाही; वाइनची बाटली उघडणं ही युद्धाची गरज मानली गेली नसावी. अधिकाऱ्यांनी तो पदरचे पैसे घालून घेतला. आज आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो, तो या चाकूचा वंशज.

1909 मध्ये एल्सनरची आई वारली. तिच्या व्हिक्टोरिया या नावावरून त्याने कंपनीचं नाव व्हिक्टोरिया ठेवलं. दरम्यान शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात, यावर उपाय शोधत होता. 1913 मध्ये त्याच्या हाती सहजी न गंजणारं क्रोमियमयुक्त पोलाद लागलं. इबाखने ते उचललं. फ्रेंचमध्ये न गंजणाऱ्या पोलादाला ‘इनॉक्स’ म्हणतात. 1921 मध्ये व्हिक्टोरिया आणि इनॉक्स जोडून झालं व्हिक्टोरिनॉक्स. एका नावात आई आणि पोलाद.

पुढे या चाकूच्या पोटात एकेक पातं वाढत गेलं. लाकूडकाम करणाऱ्यासाठी करवत, शिंप्यासाठी कात्री, गळ टाकणाऱ्यासाठी ते दुभंगलेल्या टोकाचं पातं. 1985 च्या ‘स्विसचॅम्प’मध्ये 33 कामांची सोय आणि वजन 185 ग्रॅम. मासेमारीचं पातं आणि छोटी पक्कड, दोन्ही त्यात आहेत.

पण त्या पात्याकडे नीट बघा. त्याच्या लांबीचा बहुतेक भाग खवले काढण्यासाठी दिलाय. गळ सोडवायचं काम टोकावर, उरलेल्या जागेत. म्हणजे चाकू बनवणाऱ्याने धरून चाललंय, की मासा पकडला म्हणजे तो खायचा. हा समज त्या देशाच्या कायद्यातही दिसतो. स्वित्झर्लंडच्या 2008 च्या प्राणी संरक्षण नियमांनुसार, सोडून देण्याच्या हेतूने मासा गळाला लावायला बंदी आहे. खायचं नसेल तर निव्वळ मौजेसाठी जिवाला त्रास का द्यायचा, असा त्यामागचा विचार. त्याच नियमांत उलट्या काट्याच्या गळावरही बंदी आहे, काही अपवाद सोडून.

मी हे वाचलं तेव्हा थबकलो. कारण आपल्याकडे, आणि इंग्रजी बोलणाऱ्या बऱ्याच जगात, मासा सोडून देणारा तो सभ्य असं मानलं जातं. तिथे नेमकं उलटं. आणि दोघांचाही दावा एकच, आम्हाला माशाची काळजी आहे.

गळका नळ

दुसऱ्या घराण्याची कथा 1975 ची. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला टिम लेदरमन नावाचा इंजिनिअर आणि त्याची बायको चाऊ युरोप फिरायला निघाले. जवळ पैसे कमी. एक जुनी फियाट गाडी घेतली, ती वाटेत सारखी रुसायची. स्वस्तातली हॉटेलं शोधायची, तर तिथले नळ गळायचे. टिमच्या खिशात स्काउट मुलांसारखा घडीचा चाकू होता. त्यात पातं होतं, पेचकस होता. पण नळ असो की गाडी, प्रत्येक वेळी त्याला हवी होती ती पक्कड. धरायला, पिळायला, ओढायला. चाकूवाल्या घराण्याने शंभर वर्षांत कापणं, फोडणं, टोचणं यांचा विचार केला होता. घट्ट धरण्याला त्यात दुय्यम जागा होती.

घरी परतून तो गॅरेजमध्ये बसला. काही दिवसांचं काम वाटलं होतं, त्यात वर्षं गेली. घर चाऊच्या पगारावर चाललं. 1980 मध्ये पेटंट मिळालं. मग विक्रीसाठी वणवण. चाकूच्या कंपन्या म्हणाल्या, हा चाकू कुठे आहे, हे तर अवजार. अवजारांच्या कंपन्या म्हणाल्या, आम्ही असली खेळणी विकत नाही. शेवटी स्टीव्ह बर्लिनर या मित्राला भागीदार घेऊन त्याने 1983 मध्ये स्वतःची कंपनी काढली. हत्याराचं नाव ‘पॉकेट सर्व्हायव्हल टूल’. घडी घातली की साधारण 10 सेंटिमीटर, वजन सुमारे 140 ग्रॅम. उघडलं की पुढे पक्कड आणि तिच्या दोन मुठींच्या पोटात पाती.

त्याला पहिली मोठी ऑर्डर 500 नगांची मिळाली, कॅबेलाज या कॅटलॉग कंपनीकडून. या कंपनीचा जन्मही सांगण्यासारखा आहे. 1961 मध्ये नेब्रास्कातल्या डिक कॅबेलाने हाताने बांधलेल्या माशा, म्हणजे ट्राउटला भुलवायला गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली किडामुंगी, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन टपालाने विकायला सुरुवात केली. त्यातून हा धंदा वाढला. म्हणजे गळक्या नळापायी जन्मलेलं हत्यार पहिल्यांदा दुकानदारी करायला गेलं ते मासेमारांच्या दारात. वर्षाला 4,000 विकले तरी खूप, असा टिमचा अंदाज होता. 1984 मध्ये जवळपास 30,000 गेले.

मासेमारांनी ते का उचललं, हे गळ टाकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. उलट्या काट्याने धरून ठेवलेली वस्तू सोडवायला दुभंगलेल्या टोकाने ढकलण्यापेक्षा पकडीने धरून मागे फिरवणं सोपं. शिंगाळ्याच्या पंखांचे काटे विषारी आणि दातेरी असतात, एकदा टोचले की रात्रभर ठणका. शिंगाळा गळाला लागला तर माशाला हात न लावता गळाची दांडी पकडीत धरायची आणि उलटा झटका द्यायचा. काम संपलं.

एक मिनिट

आता त्या ‘खाणार की सोडणार’ या प्रश्नाकडे येऊ.

1839 मध्ये विल्यम साइक्स या मुंबई लष्करातल्या अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या नदीतल्या एका माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याने ठेवलेलं ‘खुदरी’ हे नाव आजही शास्त्रात चालतं. हा दख्खनचा महसीर. ताकदवान, सोनेरी झाक असलेला, वाहत्या पाण्यातला. 1873 मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढलं आणि महसीरमागे लागलेल्या साहेबांच्या पिढ्या घडल्या. नंतर धरणं झाली, नद्या अडल्या, पाण्यात कारखान्यांची घाण आली, सुरुंग लावून मासे मारणारे आले. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून जलाशयांत सोडली जातात, ती याच कारणाने. महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. जिथे देव राखणीला नाही, तिथे महसीर गळाला लागला तर आपणच तो सोडायचा, हा आता बहुतेक हौशी मंडळींचा रिवाज आहे.

पण सोडलेला मासा जगतो का? 1992 मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी रेनबो ट्राउटवर एक प्रयोग केला. माशांना दमेपर्यंत पळवलं. ज्यांना पाण्याबाहेर काढलंच नाही, त्यांतले पुढच्या 12 तासांत 12 टक्के मेले. ज्यांना 30 सेकंद हवेत धरलं, त्यांतले 38 टक्के. ज्यांना 60 सेकंद धरलं, त्यांतले 72 टक्के. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा, आपल्या महसीरला हेच आकडे लागू करता येणार नाहीत. पण कारण दोघांना सारखंच आहे. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वास कोंडतो. आपण शंभर मीटर धावून धापा टाकत असताना कुणी नाक-तोंड दाबावं, तसं.

एका मिनिटात काय काय होतं, ते मोजून बघा. मासा वर घेतला. खिशातून चाकू काढला. हात ओले, माशाच्या चिकट्याने बुळबुळीत. पातं नखाने उघडायचं, नख सरकतंय. बाजूचंच पातं उघडलं, ते मिटलं. तोवर कुणीतरी फोटो काढायला मोबाइल शोधतंय. साठ सेकंद कधी संपले, कळतही नाही. मासा सोडला, शेपूट हलवत खोल गेला, आपण खूश. तो रात्री मेला तर ते आपल्याला दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो, की खिशातलं हत्यार कोणतं, हा शौकाचा प्रश्न राहत नाही. त्याचं उत्तर माशाला द्यावं लागतं.

मग घ्यायचं काय

मासा खाणार असाल, तर सगळं सोपं आहे. गळ घाईने काढायची गरज नाही. मासा चटकन मारा, बर्फात ठेवा. खवले काढायचं पातं असलं तर ठीक, पण खाडीवरचा तांबोशी घरी न्यायचा असेल, तर खवले आजीच्या विळीवर जास्त नीट निघतात आणि दोन सल्लेही फुकट मिळतात. अशा माणसाला एक चांगलं धारेचं पातं आणि कात्री पुरते. स्विस घराण्यातलं मध्यम मॉडेल खिशाला हलकं पडतं.

मासा सोडणार असाल, तर पक्कड हवी, आणि ती एका हाताने, न बघता उघडली पाहिजे. तिचं नाक लांब हवं. किल्लीच्या जुडग्याला लावायच्या चिमुकल्या मल्टिटूलची पक्कड ओठात अडकलेल्या गळापुरती ठीक, जरा आत गेलेल्या गळापर्यंत ती पोचत नाही. घडी घालून 10 सेंटिमीटरच्या आसपासचं टूल हा खिसा आणि काम यांच्यातला मध्य आहे. पहिल्या लेदरमनमध्ये पातं हवं असलं तरी आधी पक्कड उघडावी लागायची. 1998 च्या ‘वेव्ह’ मॉडेलपासून मोठी पाती बाहेरून, अंगठ्याने उघडू लागली. स्विस सैन्यालाही हे पटलं. त्यांच्या 2008 च्या नव्या चाकूचं मोठं पातं एका हाताने उघडतं. ओल्या हाताचं महत्त्व कळायला दोन्ही घराण्यांना वेळ लागला, पण कळलं.

कात्री दोघांनाही लागते. साध्या नायलॉनच्या तंगूसला पकडीच्या बुडाशी असलेली कातर पुरायची. आता बरेच जण ब्रेड वापरतात. पॉलिएथिलीनच्या बारीक धाग्यांची ती वेणी बोथट कातरीत नुसती चेपते, घसरते, तुटत नाही. दुकानात शक्य असेल तर ब्रेडचा तुकडा नेऊन कापून बघा. आणि गळ घशात खोल गेला असेल, तर पक्कड बाजूला ठेवा. खोल रुतलेला गळ ओढून काढण्यापेक्षा तोंडाजवळ दोरी कापून मासा सोडला, तर तो जगण्याची शक्यता जास्त, असं अभ्यास सांगतात. अशा वेळी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे ती छोटी कात्री.

पकडीला तार कापायची कातर आहे ना, हेही बघा. ही माशासाठी कमी, माणसासाठी जास्त. मागच्या वर्षी खाडीत होडीवर असताना माझ्या मामेभावाच्या तळहातात तीन तोंडांचा गळ शिरला. एक तोंड कातडीखाली, दोन बाहेर, आणि मासा दुसऱ्या टोकाला तडफडतोय. मामाने आधी दोरी कापली, मग इंजिनासाठी ठेवलेल्या पकडीने बाहेरची दोन तोंडं तोडली. आतलं तसंच ठेवून, हात रुमालात गुंडाळून त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गळ काढला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गळ डोळ्याजवळ असेल तर हातही लावायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आता गंज. ‘स्टेनलेस’ या शब्दाने फसू नका. पोलादात निदान 10.5 टक्के क्रोमियम असलं की त्याच्यावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. चाकूचं पोलाद धार टिकावी म्हणून कडक केलेलं असतं, त्यात कार्बन जास्त, म्हणून ते घरातल्या स्टीलच्या डब्यापेक्षा लवकर डागाळतं. त्यातून घडीच्या सांध्यात खारं पाणी अडकून बसतं. इबाख डोंगरातलं गाव, त्या देशाला समुद्रच नाही. कोकणातला माणूस साधा लोखंडी कोयता वापरतो. तो गंजतो, पण गंज दिसतो आणि दगडावर घासला की जातो. मल्टिटूलचा गंज आत सांध्यात लपतो आणि ऐन वेळी पातं उघडत नाही. म्हणून खाडीवरून आल्यावर टूल पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धरा, वाळवा, सांध्यांत तेलाचा थेंब सोडा. दोन मिनिटांचं काम आहे. जितकी पाती जास्त, तितके सांधे जास्त, हेही खरेदी करताना लक्षात असू द्या.

बाकी किरकोळ. टूलला कडी असावी, म्हणजे दोरीने कमरेला बांधता येतं. पाण्यात पडलेलं पोलाद तरंगत नाही. विमानाने जाणार असाल तर ते चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

आणि पक्कड घेतलीत, तर तिचं पहिलं काम गळ पाण्यात टाकण्याआधीच करून घ्या. गळाचा उलटा काटा पकडीच्या टोकात धरा आणि जोर देऊन दाबा. तो चपटा होऊन दांड्याला चिकटतो. आता मासा लागल्यावर दोरी ताणून ठेवावी लागेल, ओकिनावाच्या माणसाला ठेवावी लागायची तशी. चार मासे जास्त सुटतील. पण जो हाती येईल, त्याच्या तोंडातून गळ दोन बोटांनी निघेल, बऱ्याचदा मासा पाण्याबाहेर न काढताच.